पाळण्यातली दुसरी

रात्रीच्या भुतांचं एक बरं असतं. त्यांच्यासाठी दिवा लावता येतो, रामनाम घेता येतं, डोक्यावरून गोधडी ओढून सकाळची वाट बघता येते. दुपारच्या भुतांपुढे माणूस काय लावणार? परभणीकडची वैशाखातली दुपार ज्यानं पाहिली त्याला हे सांगायला नको. बारा वाजून गेले की झरीच्या रस्त्यावर कुत्रंसुद्धा फिरकत नाही. पत्रे तडतडतात, लिंबाचं पान हलत नाही, आणि उजेड इतका पांढरा होतो की डोळे उघडे ठेवूनही काही दिसत नाही. अशा वेळी आपल्याच घराचं दार ढकलताना बाईचा हात थबकला, तर तिला वेडी म्हणू नये.

कावेरीचा हात थबकला होता.

काम साधंच होतं. ज्वारीचं दळण आणायचं. लाईट जायच्या आत दळून घ्यावं म्हणून ती उन्हातच डबा घेऊन गिरणीत गेली. सासू नर्मदाबाई ओसरीवर पडल्या होत्या, लेक अपेक्षा आतल्या खोलीत झोपली होती. दळण अर्धं झालं आणि लाईट गेलीच. घरघर करणारा पट्टा थांबला की गावभर कशी शांतता पसरते ते गिरणीत उभं राहिल्याशिवाय कळत नाही. अर्धं पीठ, अर्धी ज्वारी घेऊन कावेरी परत फिरली. नर्मदाबाई तशाच घोरत होत्या. आतल्या खोलीचं दार लोटलेलं होतं, आणि दाराआड अपेक्षा बोलत होती.

आता यात घाबरण्यासारखं काय, असं कुणीही म्हणेल. पण अपेक्षा शाळेत घालायच्या वयाची झाली तरी दिवसाकाठी चार शब्द बोलत नसे. आणि इथे ती घडाघडा बोलत होती, मध्येच थांबत होती, कुणीतरी उत्तर द्यावं इतका वेळ थांबत होती, आणि मग "बरं" म्हणून पुढे बोलत होती. दाराच्या फटीतून वास येत होता. ओवा-शेपांच्या धुरीचा वास, बाळंतिणीच्या खोलीत असतो तो. त्या घरात अपेक्षाच्या जन्मानंतर कुणी धुरी दिली नव्हती.

कावेरीनं डबा खाली ठेवला आणि दार ढकललं. अपेक्षा फरशीवर मांडी घालून बसली होती. समोर ताटली, ताटलीत अर्धी भाकर, आणि ताटलीच्या पलीकडे भिंतीला टेकून उभी केलेली ती काळी लाकडी बाहुली.

"कोणाशी बोलायलीस गं?"

"हिच्याशी."

"काय म्हणती ती?"

अपेक्षानं बाहुलीकडे पाहिलं, जरा कान दिल्यासारखं केलं, आणि म्हणाली, "आईला इचार म्हणती... माझं नाव काय ठिवलं."

कावेरी तिथंच उंबऱ्यावर बसली.

ती बाहुली उद्धवनं आणली होती. उद्धव म्हणजे कावेरीचा नवरा. बोअरच्या गाडीवर काम करता करता तो एका कंपनीमार्फत थेट नायजेरियात पोचला होता. इबादान नावाच्या शहराच्या आसपास त्यानं भोकं पाडली, पाणी काढलं, आणि चैत्रात तो घरी आला तो दोन गोष्टी घेऊन. एक, कधी न संपणाऱ्या गप्पा. दुसरी, ही बाहुली. तिकडे मेलेले पूर्वज सणाच्या दिवसांत डोक्यापासून पायापर्यंत कापडं पांघरून गल्लीत नाचायला येतात, लोक त्यांच्या पाया पडतात आणि त्यांच्या कापडाचा स्पर्श होऊ नये म्हणून पळतातही, हे त्यानं पारावर इतक्यांदा सांगितलं की लोक त्याला बघून वाट बदलू लागले. म्हाताऱ्या बायांच्या मानासाठी पुरुष लाकडी मुखवटे डोक्यावर चढवून, बायांसारखी लुगडी नेसून नाचतात, हेही त्यानं सांगितलं. नर्मदाबाईंना त्याचं नवल नव्हतं. "आमच्या माहेरी नरसिंहाचं सोंग काढतेत," त्या म्हणाल्या. "मुखवटा चढला की माणूस माणूस ऱ्हात न्हाई. दोघं जण धरून ठिवाय लागतंय."

मुखवटा घरी आणायची उद्धवला भीती वाटली, म्हणून त्याऐवजी त्यानं बसस्टँडवरच्या ताडपत्रीवरून ही बाहुली उचलली. एका वितीहून थोडी मोठी. केसांचा उंच बुचडा निळा रंगवलेला, कमरेला मण्यांची सर, हात दोन्ही बाजूंना सरळ. अंग मोठ्या बाईचं, पण डोळे तान्ह्या लेकराचे, आणि नाकतोंड इतकं झिजलेलं की चेहऱ्यावर बोट फिरवलं तर कुठे अडत नसे. झिजका माल म्हणून उद्धवनं घासाघीस करून ती जवळजवळ फुकटातच मिळवली. त्याचं त्याला फार कौतुक होतं.

अपेक्षानं ती बाहुली हातात घेतली आणि हसली. आईबापाला तेवढं पुरे झालं.

कारण ती पोर हसायची नाही फारशी, आणि खायची तर त्याहून नाही. जन्मापासून तिचं सगळं अर्धं. भाकरीचा चतकोर दिला तरी निम्मा ठेवायची. दूध अर्धा पेला. झोपायचीसुद्धा गोधडीच्या एका कडेला, शेजारी जागा सोडून. परभणीच्या लेकरांच्या डॉक्टरनं रक्त कमी सांगितलं, टॉनिक दिलं, तेही ती अर्धा चमचा प्यायची. कावेरीला यातलं प्रत्येक अर्धं दिसायचं आणि ते का हे तिला माहीत होतं. पण बोलायची बंदी होती.

अपेक्षा एकटी जन्मली नव्हती. तिच्या मागून आणखी एक मुलगी आली होती. ती बारशाच्या आत गेली. नर्मदाबाईंनी शेताच्या बांधावर लिंबाखाली तिला पुरलं आणि घरी येऊन सांगितलं, की आता या घरात जुळं हा शब्द कुणी काढायचा नाही. जिवंत लेकराला कळलं तर ते झुरतं, असं त्यांचं म्हणणं. बारसं एकीचंच झालं. आपल्याकडे पाळण्यात बाळाच्या आधी वरवंटा निजवतात. त्याला धुऊन, हळदकुंकू लावून, टोपरं घालून बाळासारखा खालीवर करतात, दगडाचं आयुष्य लेकराला यावं म्हणून. नर्मदाबाईंनी तो वरवंटासुद्धा ठेवू दिला नाही. जमलेल्या बायांनी एकमेकींकडे पाहिलं, पण नर्मदाबाईंपुढे बोलायची कुणाची छाती नव्हती. पाळण्यात दुसरं काही म्हणजे काहीच नको होतं त्यांना.

आणि त्या दुसरीला नाव नव्हतं. मेलेल्या माणसाला निदान नावानं आठवता येतं. कावेरीला तेवढंही नव्हतं. ती घरी शिवणकाम करायची, आसपासच्या गावांतली लेकरं तिच्या हातची झबली घालायची. पोटुशी असताना पोटाच्या आकारावरून तिनं ओळखून दोन झबली शिवली होती. एक वापरलं गेलं. दुसरं ट्रंकेच्या तळाशी होतं.

त्या दुपारनंतर अपेक्षाचं अर्धंही बंद झालं. ताटातली सगळी भाकर ती बाहुलीपुढे सरकवायची. "तिला भूक लागलीय, आई. तिनं कव्हाच खाल्लं न्हाई." मग ताप आला. परभणीला नेलं, सलाईन लावलं, ताप उतरला. घरी आणलं, ताप चढला. पोरीच्या हाताच्या काड्या झाल्या. कूलर चालू असायचा, खोली गार असायची, आणि त्या गारव्यात धुरीचा वास यायचा. आता तो उद्धवलाही येऊ लागला. तो बोलणं टाळून बाहेर जाऊन बसायचा.

नर्मदाबाईंनी एका दुपारी सुनेला ओसरीवर बोलावलं.

"ती काळी बला कामून ठिवलीस घरात? लेकरू खायलीय ती तुजं. मागच्या हिरीत टाकून ये. आत्ताच जा. ती झोपलीय तवर."

कावेरीला वेगळं काही सुचत नव्हतं. बाहुली पदरात गुंडाळून ती निघाली. घरामागे जुनी विहीर होती, पाणी तळाला गेलेलं. उन्हानं डोळ्यांपुढे अंधारी येत होती. चालता चालता तिच्या ध्यानात आलं, की ओझं वाढतंय. लाकडाचा तो तुकडा, त्याचं वजन ते किती? पण हात भरून आले. तिनं नकळत ते ओझं खांद्यावर घेतलं, लेकराला घेतात तसं, आणि तो गुळगुळीत चेहरा तिच्या मानेच्या खोबणीत नेमका बसला. चेहरा उबदार होता. उन्हानं तापला असेल, तिनं स्वतःला सांगितलं. मग तिला जाणवलं की बाहुली पदराच्या सावलीत होती.

विहिरीच्या काठावर तिनं हात पुढे केले. त्याच क्षणी रडणं ऐकू आलं. घराकडून अपेक्षाचं रडणं, ते तिनं लगेच ओळखलं. पण ते थांबल्यावरही एक रडणं चालूच होतं, बारीक, तान्ह्या लेकराचं, आणि ते घराकडून येत नव्हतं.

ती धावत परत आली ती बाहुली छातीशी धरूनच. नर्मदाबाईंनी पाहिलं.

"अहो," कावेरी नवऱ्याला म्हणाली, "तुमी ही जिथून आणली, तिथल्या कोणालातरी फोन लावा. ही काय हाय ते मला इचारायचंय. डॉक्टर झाले, आता हे इचारू."

इबादानला उद्धव ज्यांच्या घरी भाड्यानं राहायचा, त्या घरमालकीणबाईंचं नाव केहिंदे. तो त्यांना मामा म्हणायचा. तिकडे मामा म्हणजे आई. व्हिडिओ कॉल लागला. पिवळ्या कापडाचा मोठा फेटा बांधलेल्या, भरल्या गालांच्या एक बाई दिसल्या आणि उद्धवला बघून मनापासून हसल्या. पाणी लागलं का, जेवण झालं का, बायको कशी आहे, सगळं झालं. मग उद्धवनं बाहुली फोनपुढे धरली.

बाईंचं हसू थांबलं. त्यांनी मान लववली, वडीलधाऱ्यापुढे लववतात तशी. मग हळू आवाजात काहीतरी विचारलं.

"काय म्हणायल्यात?" कावेरीनं विचारलं.

"म्हणतेत... हिला जेवायला कोण देतं?"

मग बाई बोलत राहिल्या आणि उद्धव अडखळत सांगत राहिला. त्यांच्यात जुळी फार होतात. जुळ्यांचा जीव एकच, दोघांत वाटलेला. केहिंदे हे नावच जुळ्यातल्या मागून आलेल्याचं. जुळ्यांतलं एक गेलं तर त्याच्या अर्ध्या जिवाला घर राहत नाही, ते दुसऱ्याला हाका मारत बसतं. म्हणून सुताराकडून अशी बाहुली करवून घेतात. आई तिला न्हाऊ घालते, तेल लावते, लाल भुकटी चोळते, घास भरवते, गाणी म्हणून निजवते, जिवंत लेकरासाठी कापड घेतलं की तिलाही घेते. आपलं जुळं भावंड गेलं तेव्हा आईनं अशी एक सांभाळली होती, असं त्या म्हणाल्या. तू जगलीस ती त्या बाहुलीला मी कधी उपाशी ठेवलं नाही म्हणून, असं आई म्हणायची.

"झिजकी म्हणून मी पैसे कमी केले होते," उद्धव मान खाली घालून म्हणाला. "त्या म्हणतेत, ती एका आईच्या हातानं झिजलीय."

कावेरीनं बाहुली उद्धवच्या हातातून काढून मांडीवर घेतली.

"मग जिची हाय तिला परत धाडू," उद्धव फोनकडे बघून म्हणाला. बाईंनी मान हलवली. तिचं घर आता राहिलं नसेल, त्या म्हणाल्या, नाहीतर ती ताडपत्रीवर आली नसती. आता ती तुमच्या दारात आहे. पण ती उगीच कुणाच्या दारात राहत नाही. तुमच्या मुलीच्या पाठीला कुणी होतं का?

उद्धवच्या पाठीमागे दारात नर्मदाबाई उभ्या होत्या. "काय इचारायलीय ती बाई?" त्यांनी विचारलं, आणि लेकानं शब्दाला शब्द सांगितलं.

नर्मदाबाई भिंत धरून खाली बसल्या. फोनमधल्या बाई आणि या बाई एकमेकींकडे बघत होत्या. एकीच्या भाषेतला एक शब्द दुसरीला कळत नव्हता.

"मला वाटलं, नाव घेतलं न्हाई की इसरंल," नर्मदाबाई म्हणाल्या. "मलाच कव्हा इसर पडला न्हाई. मी तिला हातानं नेऊन ठिवलं बांधावर. उनउन होती अजून... मी वरवंटा कामून ठिवू दिला न्हाई म्हाईत हाय का तुला कावेरे? पाळण्यात दुसरं काई दिसलं की मला तीच दिसली असती. तिथंच चुकलं माजं."

कावेरीला इतक्या वर्षांचा राग होता सासूवर. तो त्या घटकेला कुठे गेला तिचं तिलाच कळलं नाही. तिनं फक्त त्यांचा हात धरला आणि दोघी पोटभर रडल्या.

बारसं भर दुपारी झालं. दुपारी आलेल्याला दुपारीच बोलवावं, असं नर्मदाबाईंचं म्हणणं. माळ्यावरचा पाळणा उतरवून पुसला. मिक्सर आल्यापासून वरवंटा पाण्याच्या टाकीवरचं पत्र्याचं झाकण दाबायच्या कामी लागला होता. नर्मदाबाईंनी तो स्वतः आणला, घासून धुतला, हळदकुंकू लावलं. कावेरीनं ट्रंकेतलं दुसरं झबलं काढलं, उसवलं, आणि त्याच कापडाचं बाहुलीच्या मापाचं नवं झबलं शिवलं. लेकरांच्या कपड्यात ती नेहमी आतून दुमड ठेवायची. लेकरू वाढतं, कापड वाढत नाही, हे तिचं ठरलेलं वाक्य. या झबल्याला तिनं दुमड ठेवली नाही. लाकडाला कशाला हवी दुमड? अंगासरसं नेमकं बसेल असं शिवलं.

बाहुलीला तेलपाणी झालं. कपाळाला कुंकू लागलं. पाळण्यात आधी वरवंटा निजवला, मग त्याच्या शेजारी ती. लाईट नव्हती, कूलर बंद होता, घामानं सगळे निथळत होते. नाव ठेवायला आत्या लागते. उद्धवला बहीण नव्हती.

"मी सांगते तिच्या कानात," अपेक्षा म्हणाली. कितीतरी दिवसांनी ती स्वतःहून बोलली होती.

उद्धवनं तिला उचलून पाळण्याशी नेलं. ती वाकली, निळ्या बुचड्याखालच्या कानाशी तोंड नेऊन काहीतरी पुटपुटली, आणि वर बघून हसली.

"काय ठिवलंस नाव?" नर्मदाबाईंनी विचारलं.

"साक्षी."

पाळण्याच्या दोरीवरचा कावेरीचा हात थांबला. पोटुशी असताना, रात्री सगळे झोपल्यावर, तिनं मनातल्या मनात दोन नावं जुळवली होती. अपेक्षा आणि साक्षी. दुसरं नाव तिनं कधी कुणाला सांगितलं नव्हतं. उद्धवलाही नाही.

"अंगणवाडीत हाय की एक साक्षी," उद्धव म्हणाला. असेलही. कावेरीनं वाद घातला नाही. तिनं पाळण्याला झोका दिला आणि मोठ्यानं हाक मारली, घराबाहेर रस्त्यावर ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. "साक्षी."

धुरीचा वास गेला. हळूहळू नाही, कुणी खिडकी उघडावी तसा एकदम गेला. कूलर सुरू झाला आणि सगळे दचकले, मग सगळे हसले. त्या दुपारी कावेरीनं ज्वारीच्या भाकरी थापल्या. एक घास साक्षीच्या ओठांना लावला. अपेक्षानं एक भाकर दुधात कुस्करून खाल्ली. ताटली पुसून आईपुढे धरली आणि म्हणाली, "अजून दे." नर्मदाबाई तोंडाला पदर लावून बाहेर गेल्या. कावेरीचा जीव भांड्यात पडला.

ताप गेला तो परत आला नाही. जूनमध्ये अपेक्षा शाळेत जाऊ लागली, आणि दिवाळीपर्यंत तिच्या बाई तक्रार सांगायला घरी आल्या, की ही पोरगी वर्गात फार बोलते. नर्मदाबाईंनी ती तक्रार गावभर सांगितली. इबादानच्या मामांना फोन व्हायचा, त्या अपेक्षाचे गाल बघून टाळ्या वाजवायच्या. बांधावरच्या लिंबाखाली सगळे एकदा नारळ ठेवून आले, नाव घेऊन. साक्षीची जागा गोधडीवर अपेक्षाच्या शेजारी ठरली.

संक्रांतीच्या आधीची गोष्ट. हवा कोरडी, पायाला भेगा पडायचे दिवस. कावेरीनं साक्षीचं झबलं धुवायला काढलं, वाळवलं, आणि न्हाऊ घातलेल्या बाहुलीला पुन्हा घालायला घेतलं. ते दंडात अडकलं. तिनं ओढून पाहिलं. छातीवर बंद पुरेना.

"कापड आटलं असंल," उद्धव म्हणाला.

जुन्या लुगड्याचं कापड, शिवायच्या आधी कितीदा धुतलेलं. ते आता काय आटणार? आणि लाकूड फुगतं ते पावसाळ्यात, पौषात नाही. कावेरी हे सगळं जाणून होती. तिच्या अंगावर काटा आला, नाही असं नाही. तिनं सासूकडे पाहिलं. नर्मदाबाई झबल्याकडे बघत होत्या.

"आई," दारातून अपेक्षा म्हणाली, "तिला आता माझ्यावानी फ्रॉक पायजे म्हणती."

कावेरीनं मशीनवरचं गिऱ्हाइकाचं काम बाजूला सारलं. फुलाफुलांचं एक चांगलं कापड निवडलं, माप घेतलं आणि कात्री लावली. आणि या खेपेला आतून रुंद दुमड ठेवली.